कामाची मोजणी कोणाच्या वहीत

ज्याची मुदत आधी ठरलेली नसते, ज्याला बहुधा नेमणूकपत्र नसते आणि जे संपल्यावर माणसाला पुन्हा कामाच्या शोधात निघावे लागते, त्या कामाला मराठीत प्रसंगानुसार रोजंदारी, हंगामी काम किंवा मोलमजुरी असे म्हटले जाते. ऑस्ट्रेलियात पाठीवर पिशवी टाकून फिरणारा परदेशी तरुण केळीच्या किंवा द्राक्षाच्या बागेत असे काम करतो, तेव्हा ते त्याच्या प्रवासाचा भाग मानले जाते आणि त्यासाठी त्याला स्वतंत्र व्हिसा मिळतो. जव्हार-मोखाड्यातले कुटुंब दिवाळीनंतर भांडीकुंडी आणि लेकरे घेऊन वसई-भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जाते, तेव्हा शासनदरबारी त्याला स्थलांतर म्हणतात, आणि ते कुटुंब स्वतः मात्र ‘जगायला जातो’ एवढेच म्हणते. एकाच्या घरी परतीचे तिकीट आणि बँकेत शिल्लक आहे, दुसऱ्याच्या घरी पावसाळ्यातले भात संपत आलेले आहे, एवढे अंतर या दोघांत असले तरी परक्या ठिकाणी काम शोधणाऱ्यापुढे उभे राहणारे प्रश्न दोघांनाही चुकत नाहीत. कुठे उभे राहायचे, कोणाला विचारायचे, मजुरी दिवसावर घ्यायची की नगावर, रात्री पाठ टेकायची कुठे, आणि केलेल्या कामाची मोजणी कोणाच्या वहीत होणार, हे ते प्रश्न होत. यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, आणि कष्टाचे मोल शेवटी त्याच्याच उत्तरावर ठरते, असे पालघर जिल्ह्याचा गेल्या ऐंशी वर्षांचा अनुभव पाहिला म्हणजे दिसून येते.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यापासून वेगळा झालेला पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, विक्रमगड, वाडा, जव्हार आणि मोखाडा या त्याच्या आठ तालुक्यांत सागर, नागर आणि डोंगर असे तीन प्रदेश शेजारी शेजारी नांदतात, आणि तिन्हींत हंगामी कामाच्या तीन वेगळ्या रीती आहेत. डोंगरातली वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, मल्हार कोळी ही माणसे भाताचे एक पीक घेऊन खाली उतरतात. पश्चिम रेल्वेच्या लोहमार्गालगतचे बोईसर हे उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा येथून येणाऱ्या मजुरांचे उतरण्याचे ठिकाण आहे. किनाऱ्यावरच्या सातपाटी, मुरबे, डहाणू या बंदरांत होडीवर खलाशी म्हणून माणसे लागतात. म्हणजे या जिल्ह्यातून माणसे कामासाठी बाहेर जातात आणि त्याच वेळी बाहेरची माणसे कामासाठी येथे येतात. हे दोन्ही प्रवाह काही ठिकाणी एकाच रस्त्यावर एकमेकांना ओलांडून जातात, आणि तरीही डोंगरातल्या मजुराला बोईसरच्या कारखान्यापेक्षा भिवंडीची वीटभट्टी जवळची का वाटते, हा प्रश्न समजून घेण्यासारखा आहे.

त्याचे उत्तर काम मिळवून देणाऱ्या माणसात आहे. वीटभट्टीसाठी मुकादम किंवा मालकाचा माणूस पाड्यावर येतो, घरातल्या अडचणीच्या वेळी रोख रक्कम हातावर ठेवतो आणि त्या बदल्यात पुढच्या हंगामाचे काम बांधून घेतो; या आगाऊ रकमेला ‘उचल’ म्हणतात. भट्टीवर गेल्यावर आठवड्याच्या बाजारासाठी जी थोडी रक्कम मिळते ती ‘खर्ची’. हंगाम संपला की पाडलेल्या विटांच्या मजुरीतून उचल आणि खर्ची वजा करून उरलेला हिशेब केला जातो, आणि हिशेबात मजुराकडेच बाकी निघाली तर ती पुढच्या वर्षीच्या उचलीत मिळवली जाते. काम शोधण्याचा त्रास येथे नाही, कारण कामच मजुराला शोधत येते. पण ज्याने कामाआधी पैसे घेतले आहेत, त्याला दर विचारण्याची, काम सोडण्याची किंवा दुसरीकडे जाण्याची मोकळीक राहत नाही. बोईसरच्या कारखान्याला उचल देऊन माणूस आणण्याची गरज नसते, आणि पाड्यावरच्या अडल्या घराला पहिल्या महिन्याचा पगार हाती येईपर्यंत थांबणे परवडत नाही.

वीटभट्टीवरचे काम जवळून पाहिले तर मोजणीचा प्रश्न हाताशी येतो. येथे मजुरीचा दर हजार विटांवर ठरतो आणि काम एका माणसाच्या नावावर न धरता नवरा-बायकोच्या जोडीवर धरले जाते. माती भिजवून मळणे, साच्यात गोळा दाबून भरणे, वरची माती हाताने किंवा पट्टीने सारखी करणे आणि साचा जमिनीवर उलटा करून वीट सोडणे, ही क्रिया पहाटेपासून ऊन चढेपर्यंत चालते, कारण कडक उन्हात ओल्या मातीला तडे जातात. विटा थोड्या वाळल्या की त्या एकेक करून कडेवर उभ्या कराव्या लागतात आणि पुढे रचून ठेवाव्या लागतात. लहान मूलही या उलथापालथीत हात लावते, त्याच्या हाताची वेगळी मोजणी होत नाही. अवकाळी पावसाची एक सर आली तर रांगेतल्या कच्च्या विटांचा पुन्हा चिखल होतो, आणि मजुरी जेथे भाजण्याजोग्या धड विटेवरच मिळते तेथे तो सबंध दिवस कोणाच्याच वहीत चढत नाही.

नगावर मोजल्या जाणाऱ्या कष्टाविषयीचा या भागातला सर्वांत मोठा संघर्ष गवतावरून झाला. ब्रिटिश राजवटीच्या अखेरच्या काळात डहाणू आणि उंबरगाव या तालुक्यांत जमीनदारांच्या शेतावर वारल्यांना फुकट राबावे लागे; या सक्तीच्या कामाला ‘वेठ’ म्हणत. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जो जन्मभर जमीनदाराकडे बांधला जाई तो ‘लग्नगडी’. २३ मे १९४५ रोजी झरी येथे भरलेल्या परिषदेनंतर, शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठ बंद करण्याची हाक दिली आणि त्यापुढच्या गवतकापणीच्या हंगामात ५०० पौंड गवताला अडीच रुपये हा दर मागितला. मुंबईच्या गुरांच्या गोठ्यांना लागणारे गवत याच मुलखातून जाई, आणि कापणी थांबली की व्यापार थांबत असे, म्हणून या मागणीला धार होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात या उठावाची हकिगत आली आहे. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की वारल्यांनी केवळ ‘मजुरी वाढवा’ असे म्हटले नाही, त्यांनी वजन आणि दर दोन्ही उच्चारून सांगितले. किती गवताला किती पैसे, हे दोन्ही आकडे मजुराच्या तोंडी असणे हीच त्या काळात मोठी गोष्ट होती, आणि आजही ती लहान झालेली नाही.

स्वातंत्र्यानंतर कायदे झाले. १९४८ मध्ये किमान वेतनाचा कायदा आला, १९७६ मध्ये वेठबिगारी नष्ट करणारा कायदा आला, आणि १८ सप्टेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात असा निर्णय दिला की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करून घेतलेले काम हे राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारीच होय, कारण भूक आणि गरज यांची सक्तीही सक्तीच असते. त्याच दशकात वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने वेठबिगारांच्या मुक्तीचे काम उभे केले आणि पुढे वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी ‘भोंगाशाळा’ चालवल्या गेल्या. भट्टीवरच्या झोपडीला या भागात भोंगा म्हणतात, म्हणून हे नाव. कायदा कागदावर किती दूरवर पोहोचला आहे आणि भोंग्यापर्यंत किती, हे मोजायचे झाले तर मजुराजवळ स्वतःच्या कामाची लिखित नोंद आहे की नाही एवढे पाहणे पुरेसे आहे. नोंद नसली तर किमान वेतन मिळाले नाही हे सिद्ध तरी कसे करायचे?

कामाची नोंद सरकारने ठेवायची, असा प्रयोग महाराष्ट्रानेच देशात प्रथम मोठ्या प्रमाणावर केला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली आणि १९७२ च्या दुष्काळात फैलावलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने पक्की झाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. त्याच विचाराला २००५ मध्ये केंद्रीय कायद्याचे रूप मिळून ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी देण्यात आली. काम मागितल्यापासून १५ दिवसांत ते न मिळाल्यास बेकारी भत्ता, आणि काम गावापासून ५ किलोमीटरच्या पुढे असल्यास १० टक्के जादा मजुरी, अशा तरतुदी त्यात होत्या. या कामावर हजेरीपट असतो आणि खोदलेल्या मातीचे मोजमाप अभियंता करतो, म्हणजे मजुरी येथेही बव्हंशी कामाच्या मापावरच ठरते. फरक एवढाच की माप घेणारा आणि पैसे देणारा या दोघांचाही मजुराच्या श्रमातून नफा काढण्याशी संबंध नसतो. मात्र डोंगरातल्या कुटुंबाच्या दृष्टीने या योजनेची खरी अडचण पैसे हातात पडण्याच्या वेळेची आहे. मुकादमाची उचल आज संध्याकाळी मिळते, आणि सरकारी मजुरी मोजमाप, मंजुरी, बँक अशा पायऱ्या चढून येते. उचल महाग पडते हे माहीत असूनही ती का घेतली जाते, याचे कारण या वेळेच्या अंतरात आहे, अडाणीपणात नाही. हे अंतर कमी करण्याइतके उपयोगी काम दुसरे क्वचितच असेल.

बोईसरचे चित्र याहून निराळे. तारापूर हे समुद्रकाठचे गाव; त्याच्या नावाने ओळखली जाणारी औद्योगिक वसाहत मात्र बोईसर स्थानकापासून जवळ आहे, त्यामुळे कामासाठी ‘तारापूर’ला निघालेला माणूस बोईसरला उतरतो. १९६९ मध्ये येथील अणुवीज केंद्रातून व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली, आणि नंतरच्या काळात रसायने, औषधे, पोलाद, कापड यांचे कारखाने वसाहतीत उभे राहिले. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली, आणि त्या गावकऱ्यांच्या पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. कारखाना आला म्हणजे शेजारच्या गावाला आपोआप नोकरी मिळतेच असे नाही, हे या भागाने फार जवळून पाहिले आहे.

बोईसरमध्ये नवख्या माणसाला काम मिळण्याच्या वाटा साधारणपणे तीन आहेत. पहिली वाट गाववाल्याची: आधी आलेला भाऊ, मेहुणा किंवा शेजारी चाळीतल्या आपल्या खोलीत जागा देतो आणि ठेकेदाराकडे घेऊन जातो. दुसरी वाट कारखान्याच्या गेटची; फाटकावर हेल्पर, पॅकिंग, लोडिंग-अनलोडिंग यांसाठी माणसे हवी असल्याचा फलक लागतो किंवा सुरक्षारक्षकाकडे चौकशी करावी लागते, आणि बहुतेक वेळा तेथूनही ठेकेदाराचाच पत्ता मिळतो. तिसरी वाट मजूर नाक्याची. सकाळी सातच्या सुमारास माणसे नाक्यावर येऊन उभी राहतात आणि ज्याच्या हातात जे हत्यार, तेच त्याचे ओळखपत्र ठरते: थापी आणि ओळंबा दिसला की गवंडी, ब्रश आणि पट्टी दिसली की रंगारी, करवतीची मूठ पिशवीतून डोकावली की सुतार, आणि ज्याच्या हातात घमेले-फावडे किंवा काहीच नाही तो बिगारी. घर बांधणारा मालक किंवा मिस्त्री दुचाकीवरून येतो, दोन माणसे हवीत असे सांगतो, दराची घासाघीस उभ्याउभ्या होते आणि माणसे पाठीमागे बसून निघून जातात. नऊनंतर नाका विरळ होतो, आणि दहा वाजेपर्यंत जो उरला त्याचा दर उतरतो, कारण उरलेला अर्धा दिवसही विकला गेला नाही तर तो वायाच जाणार असतो. नाक्यावरच्या मजुराच्या बाजूने एकच गोष्ट असते: पैसे संध्याकाळी रोख मिळतात. तोटा असा की त्या दिवसाची नोंद कोठेही राहत नाही.

ठेकेदारामार्फत मिळालेल्या कामात नोंद असते, पण ती ठेकेदाराच्या हजेरीत असते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने एक मोलाची गोष्ट सांगून ठेवली होती, आणि ती पुढे उल्लेखलेल्या नव्या कामगार संहितेतही कायम आहे: ठेकेदाराने मजुरी दिली नाही किंवा कमी दिली, तर ती देण्याची जबाबदारी ज्याच्या कारखान्यात काम झाले त्या मुख्य मालकावर येते. ज्या कामगाराला ही तरतूद ठाऊक आहे तो ठेकेदाराचा फोन बंद लागल्यावर गाशा गुंडाळत नाही. याखेरीज २० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत भविष्य निर्वाह निधीची कपात होते आणि ती कामगाराच्या नावावरच्या कायम क्रमांकाला जोडली जाते. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना कर्मचारी राज्य विमा लागू होतो, ज्यात कामगाराचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के असतो. रसायनांच्या वसाहतीत हा विमा चैनीची बाब नव्हे. २०२० च्या जानेवारीत याच परिसरातल्या एका कारखान्यातील स्फोटात माणसे दगावली, आणि अशा वेळी गेटच्या आत त्या दिवशी नक्की कोण होते याचे उत्तर हजेरीपटालाच द्यावे लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात लागू झालेल्या चार कामगार संहितांमध्ये प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देण्याची तरतूद आहे. ती नीट अमलात आली, तर बोईसरच्या हेल्परच्या खिशात प्रथमच त्याच्या कामाचा कागद येईल. एक उणीव मात्र राहिली आहे: स्थलांतरित कामगार म्हणजे दुसऱ्या राज्यातून आलेला, ही अशा कामगारांविषयीच्या १९७९ च्या कायद्यातली कल्पना नव्या संहितेतही टिकून आहे, त्यामुळे बिहारहून बोईसरला आलेला मजूर त्या व्याख्येत बसतो, आणि मोखाड्याहून भिवंडीला गेलेले कुटुंब राज्याची सीमा न ओलांडल्यामुळे तिच्या बाहेर राहते.

समुद्रावरचे काम थोडक्यात सांगता येईल. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि त्यानंतर होड्यांना खलाशी लागतात. नौकेचा प्रमुख, म्हणजे तांडेल, आपली माणसे ओळखीतून जमवतो. डहाणू-तलासरीकडचे अनेक आदिवासी तरुण गुजरातमधील वेरावळ, पोरबंदर, ओखा येथील बोटींवर जातात. त्यांच्यातले काही सागरी हद्दीच्या वादात सापडून पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षानुवर्षे अडकलेले आहेत, आणि घरी मात्र त्या हंगामाच्या मजुरीचा हिशेबही पूर्ण झालेला नसतो.

आता ऑस्ट्रेलियाकडे वळावे, कारण ती वाट भारतीय तरुणांसाठी अलीकडेच अधिकृतपणे उघडली आहे. त्या देशाने १९७५ पासून ब्रिटन, कॅनडा आणि आयर्लंडच्या तरुणांना ‘सुट्टी आणि काम’ अशा जोड हेतूचा व्हिसा देण्यास सुरुवात केली. पुढे त्याचे ४१७ आणि ४६२ असे दोन प्रकार झाले. भारताशी २ एप्रिल २०२२ रोजी झालेला आणि २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेला आर्थिक सहकार्य व व्यापार करार भारतीयांना ४६२ क्रमांकाच्या व्हिसाच्या वर्षाला १००० जागा देतो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून या जागांसाठी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे सोडतीने निवड होऊ लागली. वय १८ ते ३० असावे, शालान्त शिक्षणानंतर किमान दोन वर्षांचे पुढचे शिक्षण झालेले असावे, कामापुरते इंग्रजी यावे आणि सुरुवातीच्या खर्चासाठी सुमारे ५००० ऑस्ट्रेलियन डॉलर जवळ असावेत, अशा अटी आहेत. हा व्हिसा एक वर्षाचा असतो आणि एका मालकाकडे सर्वसाधारणपणे सहा महिन्यांपर्यंतच काम करता येते. नोकरीसाठी परदेशी जाण्याचा हा मार्ग आहे असे कोणी समजू नये. फिरण्याचा खर्च वाटेत मिळणाऱ्या कामातून भागवता यावा एवढ्यापुरता तो आहे.

तेथे काम शोधण्याची रीत बोईसरच्या माणसाला ओळखीची वाटेल. क्वीन्सलंडमधल्या बंडाबर्ग, टली, इनिसफेल किंवा व्हिक्टोरियातल्या मिल्ड्युरा, शेपर्टन अशा शेतीच्या गावी हंगामाआधी पोहोचावे लागते, आणि कामगारांसाठीच चालणाऱ्या वसतिगृहांत उतरले की वसतिगृहाचा चालकच मळेवाल्याकडून माणसांची मागणी घेऊन सकाळी गाडीने सोडतो. म्हणजे जागा देणारा आणि काम देणारा एकच, ही चाळीतल्या गाववाल्याची आणि भट्टीवरच्या मुकादमाची मिसळ झाली. पाऊस पडला किंवा फळ पिकले नाही तर काम नसते, खोलीचे भाडे मात्र चालू राहते, आणि पुढच्या आठवड्यात काम मिळेल या आशेवर थांबलेला प्रवासी चालकाच्या देण्यात अडकतो. तेथे त्या देण्याला उचल म्हणत नाहीत, पण ते वागते उचलीसारखेच. २०१६ मध्ये तेथील कामगार-न्याय लोकपालाच्या कार्यालयाने ४१७ क्रमांकाच्या व्हिसावरच्या तरुणांविषयी अहवाल प्रसिद्ध केला तेव्हा कमी वेतनाच्या आणि पिळवणुकीच्या तक्रारी शासनाच्या अहवालातच नोंदल्या गेल्या.

तरीही तेथे दोन गोष्टी अशा आहेत ज्यांचा येथे गांभीर्याने विचार व्हावा. पहिली, नगावरच्या मजुरीला घातलेला तळ. फळे तोडणाऱ्याला भरलेल्या पेट्यांवर पैसे देण्याची पद्धत तेथे जुनी आहे. परंतु २८ एप्रिल २०२२ पासून फळबागांच्या कामात असा नियम आला की पेट्या कितीही भरोत, तासाच्या किमान वेतनाखाली मजुरी जाता कामा नये, आणि नगाचा दर असा ठेवावा की सरासरी हाताच्या माणसाला तासाच्या दरापेक्षा किमान १५ टक्के अधिक मिळावे. त्यासाठी मालकाला कामाचे तासही लिहून ठेवावे लागतात. १ जुलै २०२५ पासून तेथील राष्ट्रीय किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झाले, आणि तात्पुरत्या कामगाराला पगारी रजा नसल्याबद्दल त्यावर २५ टक्के जादा दिले जातात. तात्पुरत्या माणसाला कायम माणसापेक्षा तासाला जास्त पैसे, हा विचारच पालघरच्या नाक्यावर नवा आहे. पावसाने विरघळलेल्या विटांचा दिवस अशा नियमाखाली फुकट गेला नसता, कारण राबलेले तास वहीत आधीच चढलेले असते.

दुसरी गोष्ट ८८ दिवसांची. ऑस्ट्रेलियात दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर पहिल्या वर्षी नेमून दिलेल्या भागांत, नेमून दिलेल्या प्रकारचे काम तीन महिने, म्हणजे ८८ दिवस, केल्याचा पुरावा द्यावा लागतो. तिसऱ्या वर्षासाठी दुसऱ्या वर्षात सहा महिने. त्यामुळे प्रत्येक पगारपत्रक, बँकेत आलेली रक्कम आणि मालकाचा नोंदणी क्रमांक प्रवासी जपून ठेवतो. या आकड्याचे जवळचे नातलग महाराष्ट्रात आहेत हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. १९९६ च्या केंद्रीय कायद्यान्वये स्थापन झालेल्या महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायची तर १८ ते ६० वयाच्या मजुराने मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. नोंदणी झाली की मुलांच्या शिक्षणापासून अपघाती मृत्यूपर्यंत अनेक बाबतींत अर्थसाहाय्याचा हक्क मिळतो. पण ज्याने नाक्यावरून साठ मालकांकडे दीड-दीड दिवस काम केले, त्याच्या ९० दिवसांवर सही कोणी करायची? ठेकेदार सही करायला कचरतो, कारण सही म्हणजे आपण यास कामावर ठेवले होते याची कबुली. अशा वेळी ग्रामसेवकाचे किंवा नगरपालिकेच्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र चालते, परंतु नाक्यावर उभ्या असणाऱ्या माणसाला त्या कार्यालयात जाण्यासाठी एका दिवसाची मजुरी सोडावी लागते.

हा प्रश्न येत्या काळात अधिक निकडीचा होणार आहे. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचे एक स्थानक बोईसरला होत आहे, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी भूमिपूजन झालेल्या वाढवण बंदराचा अंदाजित खर्च सुमारे ७६,००० कोटी रुपये आहे. बंदराला किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा आणि शेतकऱ्यांचा विरोध आहे आणि त्यांच्या उपजीविकेची चिंता रास्त आहे. ही बांधकामे जसजशी वाढतील तसे हजारो तात्पुरते हात येथे लागतील, आणि त्या हातांच्या दिवसांची नोंद ठेवण्याची व्यवस्था त्याआधीच उभी करता येण्यासारखी आहे. असंघटित कामगारांसाठी २६ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत माणसाला १२ आकडी क्रमांक मिळतो. त्यात माणूस कोण हे कळते, तो किती दिवस कोठे राबला हे मात्र कळत नाही.

तोवर काही गोष्टी मजुराच्या स्वतःच्या हातात आहेत. बोईसरला नव्याने आलेल्याने पहिल्याच दिवशी ठेकेदाराचे पूर्ण नाव, ज्या कारखान्यात काम आहे त्याचे नाव आणि ठरलेला दर लिहून ठेवावा, हजेरीच्या पानाचे छायाचित्र आठवड्याला एकदा घ्यावे, आणि भविष्य निर्वाह निधीचा जुना क्रमांक असेल तर नवा काढू न देता तोच पुढे चालवावा. राज्यात किमान वेतनाचा विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, बदलतो, तेव्हा त्या दोन महिन्यांत दर पुन्हा विचारावा. शिधापत्रिका गावी ठेवून येऊ नये, कारण देशभर एकच शिधापत्रिका या योजनेमुळे कामाच्या ठिकाणच्या दुकानातही धान्य मिळू शकते, आणि भट्टीवरच्या कुटुंबाची बरीचशी खर्ची धान्यावरच जात असते. विटा पाडणाऱ्या जोडीने आपल्या रांगा मोजून रोजचा आकडा स्वतःच्या वहीत टिपावा. भट्टीवर आलेल्या कुटुंबात शाळेत गेलेले एखादे मूल बहुधा असते. संध्याकाळी रांगा मोजून आकडा लिहिण्याएवढे ते शिकलेले असते, आणि होळीला घरी परतण्यापूर्वी मालकासमोर हिशेबाला बसताना ती दहा-वीस पानांची वही उघडता येते.